तो घरी कसा बोलायचा

रत्नागिरी

कादंबरीचा कच्चा खर्डा वाचून मैत्रिणीचा फोन आला. म्हणाली, "बाकी सगळं पटतं गं. फक्त तुझा दत्ताराम तोंड उघडतो, तेव्हा पडदा वर जाऊन नाटक सुरू झाल्यासारखं वाटतं." मी हसून विषय बदलला. फोन ठेवल्यावर मात्र जागची उठले नाही. दत्ताराम म्हणजे शशी, माझा नवरा. नाव बदललं होतं, नोकरी बदलली होती, मिशी दिली होती, पण माणूस तोच. त्याला जाऊन दोन वर्षं होत आली होती. ज्याच्याबरोबर अख्खा संसार केला, त्याच्या तोंडी मला चार वाक्यं खरी घालता येत नव्हती.

शशी मंडणगड तालुक्यातला. शिक्षण संपल्यावर पुण्यात नोकरीला आला, तिथंच आमचं लग्न झालं. माझ्याशी तो पुण्याचंच मराठी बोलायचा, थोडं हळू, थोडं मोजून. सासरी गेलो की सासूबाईही माझ्यासमोर जपून बोलायच्या. मग कादंबरीत गावाकडचा माणूस उभा करायची वेळ आली तेव्हा मी नाटकांतून आणि मालिकांतून कानावर पडलेलं सगळं त्याच्या तोंडी घातलं. दर दोन वाक्यांना 'खंय', दर तिसऱ्याला 'मेल्या'. लिहिताना मला ते फार छान वाटलं होतं.

नोव्हेंबरात निघाले. खरं तर सरळ मंडणगड गाठायचं. पुण्याहून तेच जवळ. तिथं माझ्या सासरच्या घरात आता शशीची मोठी बहीण विमलताई एकट्या राहतात. पण शशीचे दिवस झाल्यानंतर मी त्या घरात पाऊल टाकलं नव्हतं, फोनही सणासुदीपुरते. धीर होईना. म्हणून लांबचं आधी केलं, रत्नागिरीला उतरले. जिल्हा एकच, बोलणंही एकच असेल, अशी स्वतःची समजूत काढली.

बंदराच्या बाजूला एका घराची वरची खोली मिळाली. घरमालकीण हमीदाभाभी माझ्याच वयाच्या. नवरा कुवेतला, मुलगी लग्न होऊन चिपळुणात. पहिल्याच दिवशी त्यांनी तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं तिखट कालवण वाढलं. आमच्याकडे भाकरी म्हणजे ज्वारीची, तव्यावरून ताटात येईपर्यंत कडक होणारी. ही पांढरीशुभ्र, रुमालासारखी घडी घालावी अशी. मी तसं म्हटल्यावर भाभी म्हणाल्या, "पिठाची उकड नीट व्हायला हवी. तुम्हाला शिकवीन मी." शब्द स्वच्छ, एकेक सुटा. मी मनात म्हटलं, आज पाहुणी म्हणून असं बोलतात, उद्या मोकळ्या होतील.

सकाळी बंदरावर गेले. होड्या लागल्या होत्या, टोपल्या उतरत होत्या, लिलावाचा गलका चालला होता. लांबून ते बोलणं गाण्यासारखं येत होतं. पुण्यात आम्ही वाक्य संपवलं की दार लावल्यासारखं संपवतो. इथं वाक्याचा शेवट वर उचलून तसाच लोंबता ठेवतात, पुढच्यानं तो धरावा म्हणून. मी ऐकायला जवळ गेले. जवळ गेले तसं गाणं थांबलं. एका कोळिणीनं माझ्याकडे बघून विचारलं, "काय हवंय मॅडम? सुरमई ताजी आहे." आवाज सपाट, दुकानातल्यासारखा. मी दोन पावलं मागं सरले की पुन्हा ते सुरू व्हायचं.

दुसऱ्या दिवशी मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून मोबाइल हातातच धरून उभी राहिले. त्याच बाईच्या ते लक्षात आलं. तिनं हात पुसले, माझ्याकडे आली आणि शांतपणे म्हणाली, "कशाला घेताय?"

"मी पुस्तक लिहिते. इथलं बोलणं कानात बसावं म्हणून."

"पुस्तकात आम्हाला भांडताना दाखवणार ना? कोळीण म्हटली की भांडतेच ती." ती हसली नाही. "पुसून टाका बघू ते. माझ्यासमोर."

मी पुसून टाकलं. तिनं स्क्रीनवर वाकून खात्री करून घेतली आणि टोपलीकडे परत गेली. त्यानंतर मी बंदरावर गेले नाही.

संध्याकाळी भाभींच्या नवऱ्याचा व्हिडिओ कॉल यायचा. त्या स्वयंपाकघरात फोन डब्याला टेकवून ठेवत आणि कामं करत बोलत. माझी खोली बरोबर वर. खिडकीतून त्यांचा आवाज यायचा आणि तो आवाज मी दिवसभर ऐकलेल्या भाभींचा नव्हता. वेगळीच बाई खाली राहायला आल्यासारखी वाटायची. "जेवलाव?" एवढं विचारताना शेवटचं अक्षर किती लांब जायचं. मला नव्हे, 'मना' म्हणायच्या. "मना म्हायती नाय." मधे उर्दू शब्द यायचे, मधे नुसतंच हुंकारणं. एकदा बराच वेळ दोघंही बोललेच नाहीत, फक्त भांड्यांचा आवाज येत होता आणि फोन चालू होता.

मी पेन हातात घेतलं होतं. मला हवं होतं तेच खाली चाललं होतं. पण मग लक्षात आलं, की मी आता चोरून ऐकतेय ते बोलीसाठी नाहीच. कुणीतरी कुणालातरी जेवलास का असं विचारतंय, ते ऐकायला बसलेय. उठून खिडकी लावून घेतली. दुसऱ्या दिवसापासून त्या वेळेला फिरायला जाऊ लागले.

आरे-वारे

भाभी म्हणाल्या, "रत्नागिरीत येऊन आरे-वारे न बघता कोण जातं?" रिक्षा करून गेले. रस्ता समुद्राच्या कडेनं उंच चढतो आणि वळणावर एकदम खाली दोन्ही किनारे दिसतात, मधे डोंगराचा पाय टाकून वेगळे केलेले. रिक्षावाल्यानं गाडी थांबवली. "फोटो काढणार?" मी नको म्हटलं. त्यानं जरा आश्चर्यानं पाहिलं. फोटोत उभं राहायला मी एकटीच होते, हे त्याच्याही लक्षात आलं असावं. खाली सोडून तो परत गेला, दुपारनंतर येतो म्हणाला.

वाळूवर फारसं कुणी नव्हतं. सुरूच्या सावलीत बसून मी खर्ड्याची पानं काढली. इथं कुणी ऐकणारं नाही, तेव्हा दत्तारामाचे संवाद मोठ्यानं वाचून बघावेत, असं ठरवलं. पहिलं वाक्य वाचलं. मग दुसरं. आवाज मोठा केला. शशी हे वाक्य कसं म्हणाला असता, ते आठवून तसा सूर लावायचा प्रयत्न केला. आणि मला त्याचा आवाजच आठवेना. चेहरा आठवत होता, चष्मा पुसायची लकब आठवत होती, खोकला आठवत होता. आवाज मात्र येईना. जो येत होता तो कुठल्या तरी विनोदी नटाचा होता.

तेवढ्यात वाऱ्यानं एक पान उचललं. मी मागे धावले. ते वाळूवरून घरंगळत ओल्यात गेलं आणि लाटेनं त्याला अलगद पालथं घातलं. पायांतल्या चपलांसकट आत शिरून मी ते बाहेर काढलं. बाजूला एक नवं लग्न झालेलं जोडपं मोबाइल काठीला लावून फोटो काढत होतं. मुलगी म्हणाली, "काकू, काही महत्त्वाचं होतं का?" मी म्हटलं, "नाही, संवाद आहेत." तिला काय कळलं कोण जाणे. ती समजूतदारपणे मान हलवून परत नवऱ्याकडे गेली.

रिक्षा येईपर्यंत मी ओल्या साडीनं बसून राहिले. समुद्र सुंदर होता, तसं लिहायला हवं. पण त्या दिवशी मला तो फक्त मोठा वाटला. संध्याकाळी भाभींना सांगितलं, उद्या मंडणगडला निघते. त्यांनी सकाळी वाटेत खायला तांदळाची वाफवलेली सांदणं बांधून दिली, पुडक्यातून हळदीच्या पानाचा वास अजून येत होता. निरोप घेताना म्हणाल्या, "तुम्ही संध्याकाळी कुठं जायच्या? एक दिवस यांच्याशी ओळख करून देणार होते." मी सांदणांचं पुडकं पिशवीत नीट ठेवलं.

मंडणगड

चिपळूणपर्यंत रेल्वे, पुढं एस.टी. मंडणगड येता येता रस्ता डोंगरांत शिरतो, समुद्राचा वास जातो आणि लाल माती सुरू होते. गाडीत मागच्या बाकावर दोन बायका बोलत होत्या आणि मी कान लावून बसले. एक गोष्ट लगेच कळली. रत्नागिरीत ऐकलं ते हे नव्हतं आणि मी लिहिलं होतं ते तर अजिबात नव्हतं. 'खंय' एकदाही आलं नाही. 'कुटं' म्हणत होत्या. 'होता' नाही, 'व्हता'. आणि प्रश्न विचारताना 'आलाव', 'चाललाव'. जिल्हा एक म्हणून बोलणं एक, ही माझी समजूत त्या दोघींनी तिकीट काढेपर्यंतच मोडली.

विमलताई अंगणात उभ्या होत्या. शशीपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या, सरळ ताठ, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. यजमान लवकर गेले, मूलबाळ नाही. चिऱ्यांचं बैठं घर, मागं काजूची झाडं, मोरीपाशी अळू.

"ये माधवी. प्रवास ठीक झाला ना?" त्या म्हणाल्या. प्रत्येक 'ण' जागच्या जागी. गावात सगळ्यांत शुद्ध मराठी कोण बोलत असेल तर माझी नणंद. आणि मी तिच्याकडे बोली ऐकायला आले होते.

जेवताना मी येण्याचं कारण सांगितलं. त्या ताटातल्या भातावर आमटी घेत होत्या, तो हात थांबला.

"म्हणजे शशीचं बोलणं तू छापणार?"

"त्याचं नाही वन्सं. कादंबरीतल्या माणसाचं."

"तेच ते." त्यांनी वाटी खाली ठेवली. "माधवी, मी सगळा जन्म पोरांच्या तोंडातलं 'न्हाय' काढून तिथं 'नाही' घातलं. का, ते ठाऊक आहे? डी.एड.ला पहिल्या दिवशी मला धडा वाचायला उभं केलं. मी 'पाणी' ऐवजी 'पानी' वाचलं. अख्खा वर्ग हसला. पुढं दोन्ही वर्षं माझं नाव पानी होतं. पानी आली, पानी गेली. आता तू ते पुस्तकात घालणार, आणि लोक पुण्यात बसून हसणार."

"मला हसायला नाही लिहायचं."

"तुझ्या मनात नसेल. वाचणाऱ्याच्या मनात असतं." मग जरा थांबून म्हणाल्या, "शशीचंही तेच झालं. पुण्याच्या कचेरीत कुणीतरी त्याची नक्कल करायचा. चहाच्या वेळी, सगळ्यांसमोर. तेव्हापासून त्यानं ते बोलणं बंद केलं. मला पत्रात लिहिलं होतं."

मला हे माहीत नव्हतं. कचेरीतल्या लोकांबद्दल तो नेहमी चांगलंच बोलायचा. "मला कधी बोलला नाही तो," मी म्हटलं.

"तुला कसं बोलेल? तूही पुण्याचीच."

त्या हे टोचून बोलल्या नाहीत. पाऊसपाण्याबद्दल बोलावं तसं बोलल्या. मी ताटातला भात कालवत राहिले. इतकी वर्षं माझ्या शेजारी झोपणाऱ्या माणसानं मला सांभाळून घ्यायच्या यादीत टाकलं होतं. तो हळू, मोजून बोलायचा तो स्वभाव म्हणून, असं मी सगळ्यांना सांगत आले होते. तो अडखळू नये म्हणून हळू बोलत होता.

सकाळी उठून परत जायचं ठरवलं. सामान भरलं आणि तोंड धुवायला मागच्या दारी गेले. मोरीपाशी चिऱ्यावर शेवाळ होतं. पाय सटकला आणि मी सपशेल आपटले. घोट्यातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढं अंधारी आली.

आतून विमलताई धावत आल्या. "अगो बाय माजे, लागला काय गो? उटू नको. तितंच बस, हलू नको अजिबात."

त्यांनी मला काखेत धरून उठवलं, पडवीत आणलं, शेजारच्या काकींना हाक मारली. दोघी मिळून माझ्या पायाला तेल लावत बोलत होत्या आणि त्या बोलण्यात एकही 'ण' नव्हता. मी दुखण्यानं रडत होते. काकींना वाटलं फारच लागलंय. "वाईच कळ काढ गो," त्या म्हणत राहिल्या. पायाचं दुखणं होतंच. पण 'गो' हा एवढासा शब्द या घरात मला पहिल्यांदाच मिळाला होता.

दुपारी तालुक्याचे डॉक्टर येऊन पट्टी बांधून गेले. हाड शाबूत होतं, पण पाय टेकायचा नव्हता. माझं जाणं राहिलं. विमलताई पुन्हा शुद्ध मराठीवर आल्या. सकाळचं काही झालंच नाही अशा थाटात त्यांनी विचारलं, "चहा घेतेस ना?"

पुढचे दिवस मी पडवीत पाय लांब करून बसून काढले. ताई मला कुळथाचं पिठलं, नाचणीची भाकरी, अळवाचं फदफदं करून घालायच्या. शशीला पुण्यात मी अळूची भाजी करायचे ती चिंच-गूळ घालून, दाणे घालून. तो निमूट खायचा. इथली आंबट-तिखट, काजूगर घातलेली भाजी खाताना कळलं, तो काय न बोलता खात होता. बोलायला माणसं कमी आणि वेळ पुष्कळ. काकी रोज डोकावून जायच्या. मी असले की दोघी जपून बोलायच्या, मी डोळे मिटले की मोकळ्या व्हायच्या. मी पुष्कळ वेळ डोळे मिटून पडून राहायचे. काही टिपून घेत नव्हते. नुसतं अंगावरून जाऊ देत होते.

एका दुपारी ताईंनी चष्मा लावला आणि म्हणाल्या, "आण बघू ती तुझी पानं."

त्यांनी दोन प्रकरणं वाचली. वाचताना चेहरा पेपर तपासताना असतो तसा. मग पानं मांडीवर ठेवून म्हणाल्या, "हे 'खंय' आणि 'इलंय' आमच्यात कोण म्हणतं? ते खाली मालवणकडचं. आणि हा सगळ्यांशी एकसारखाच बोलतोय. आईशी, साहेबाशी, बायकोशी. असा कोण बोलतो? शशी बापसासमोर एक शब्द बोलायचा नाही आणि माझ्याशी बोलायला लागला की थांबायचा नाही."

"मग तो माझ्याशी… म्हणजे यातल्या बायकोशी कसा बोलला असता? गावातलीच बायको असती तर?"

 अंगणात काजूची वाळकी पानं पडत होती. मग चष्मा काढून पुसत म्हणाल्या, "तू बायकोचं वाच."

मला आधी कळलं नाही. मग कळलं तसं मी पानं घेतली. 

"आज एवढा उशीर?" मी वाचलं.

माझ्या कागदावर दत्तारामाचं उत्तर चार ओळींचं होतं. ताई अंगणाकडे बघत म्हणाल्या, "गाडी चुकली. चालत आलू."

एवढंच. 'आलू' म्हणताना शेवटी आवाज थोडा वर गेला आणि तिथंच राहिला. बाईचा आवाज, म्हातारा, शाळेत ओरडून घोगरा झालेला. पण त्याच्या आत मला शशी ऐकू आला. थकून घरात शिरणारा, चपला काढणारा.

"जेवून घ्या," मी वाचलं.

"तू जेवलीस काय?"

"तुमच्याआधी कशी जेवेन?"

"कशाला थांबतेस पन?" त्या म्हणाल्या. यात 'पन'मधला 'न' सोडला तर गावाकडचं काहीच नव्हतं. वाक्य पुण्यातलं कुणीही म्हणेल असं होतं. तरी ते पुण्याचं नव्हतं.

असं करत आम्ही ते प्रकरण वाचत गेलो. पुढं भांडण येतं. बायको म्हणते, तुमच्या मनात काय चाललंय ते मला कधीच कळत नाही. त्यावर दत्ताराम अर्धं पान भरून बोलतो. ते अर्धं पान मला फार आवडायचं. मी बायकोचं वाक्य वाचलं आणि थांबले. ताई काही बोलल्या नाहीत. मला वाटलं विसरल्या, म्हणून पुन्हा वाचलं.

"ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "इथं तो काय बोलायचा न्हाय. उठून भायेर जायचा."

मी मान हलवली. तसंच होतं. कितीदा तरी तसंच झालं होतं. मी पेन घेतलं आणि ते अर्धं पान खोडून टाकलं. ताईंनी पुढचं पान उलटून माझ्या हातात दिलं.

पाय टेकता येऊ लागल्यावर मी पुण्याला परतले. एस.टी.त बसवून देताना ताई म्हणाल्या, "नीट जा. पोहोचलीस की फोन कर." शुद्ध, स्वच्छ. गाडीतली माणसं ऐकत होती ना.

आता रविवारी मी त्यांना फोन करते. एक प्रकरण काढते, बायकोची वाक्यं मी वाचते, दत्तारामाची त्या बोलतात. कधी मधेच कुणी पाणी मागायला येतं, कधी त्या म्हणतात, आज आवाज बसलाय, पुढच्या वेळी. सगळ्या कादंबरीत आता गावाकडचे शब्द ओंजळभरच उरलेत. मैत्रिणीनं परत वाचलं. म्हणाली, "हा आता कमी बोलतो, पण ऐकू येतो."

शेवटचं प्रकरण इस्पितळातलं आहे. ते वाचायचं का म्हणून मी ताईंना विचारलं होतं.  त्या म्हणाल्या, "ता मना नको वाचू गो. ता तुजा तू लिव."

ते मी एकटीनं लिहिलं. खिडकीशी बसून, दिवसाउजेडी, अनेक दिवस लावून. त्यात बायको खाटेजवळ बसून बोलते. घरातलं, बाजारातलं, दारातल्या जास्वंदीचं. त्याच्यासाठी मी एकही वाक्य लिहिलेलं नाही.